बत्तीस मालक, एकच गल्ला: अमेरिकन फुटबॉलचा धंदा चालतो तरी कसा

अमेरिकेतल्या ग्रीन बे गावी, आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांच्या दिवाणखान्यात लग्नाच्या फोटोच्या वर एक चौकट टांगलेली आहे. लांबून पदवीचं प्रमाणपत्र वाटतं. जवळ गेलं की कळतं, तो शेअर आहे. ग्रीन बे पॅकर्स या फुटबॉल संघाचा, एक नग, 1997 मध्ये 200 डॉलर मोजून घेतलेला. या शेअरवर लाभांश मिळत नाही. तो बाजारात विकता येत नाही, त्यामुळे भाव चढण्याचा प्रश्नच नाही. संघ जिंकला म्हणून तिकीट फुकट मिळत नाही. मिळतं ते वार्षिक सभेचं आमंत्रण आणि मताचा अधिकार. तरीही 2021 च्या विक्रीत मास्तरांनी नातवाच्या नावाने आणखी एक घेतला, तेव्हा 300 डॉलरला. गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला दिलेल्या वर्गणीची पावती आपल्याकडे जशी जपून ठेवतात, तशी ती चौकट आहे.

असे मालक आज पाच लाखांहून जास्त आहेत. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, 32 संघ आहेत. त्यातले 31 कुणा ना कुणा धनाढ्य कुटुंबाच्या किंवा गटाच्या मालकीचे. लोकांच्या मालकीचा संघ लीगच्या आजच्या नियमांत बसतच नाही. पॅकर्स फार जुने, म्हणून तेवढे राहिले. ग्रीन बेची वस्ती एक लाख सात हजारांच्या आसपास. 2011 च्या जनगणनेतलं सातारा शहर याहून मोठं होतं. न्यूयॉर्क, शिकागो आणि लॉस एंजेलिस यांच्या मांडीला मांडी लावून एवढ्याशा गावाचा संघ शंभर वर्षं बसला आहे. पहिले दोन सुपर बोल, म्हणजे हंगामाचे अंतिम सामने, याच गावाने जिंकले. हे कसं जमतं, हे समजलं की या खेळाचा सगळा धंदा समजतो.

आधी खेळाबद्दल दोन शब्द. हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबुळका चेंडू हातात धरून पळायचं किंवा पुढच्या गड्याकडे फेकायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलं की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्न काही सेकंदांचा, मग थांबायचं, घोळका करून पुढची चाल ठरवायची, पुन्हा भिडायचं. वॉल स्ट्रीट जर्नलने 2010 मध्ये घड्याळ लावून मोजलं, तेव्हा तीन तासांहून लांब चालणाऱ्या प्रक्षेपणात चेंडू खरोखर खेळात असतो तो वेळ भरला साधारण 11 मिनिटं. जाहिरात विकणाऱ्याला याहून सोयीचा खेळ शोधून सापडायचा नाही. प्रत्येक थांब्यावर प्रेक्षक पुढच्या चालीची वाट बघत जागच्या जागी खिळलेला असतो.

मी स्टेडियमात पहिला सामना बघितला तो डिसेंबरात. थंडी उणे बारा अंश. पॅकर्सच्या लॅम्बो फील्ड या मैदानात बहुतेक ठिकाणी खुर्च्या नाहीत, अ‍ॅल्युमिनियमचे लांबच लांब बाक आहेत आणि त्यांवर जागेचे आकडे. थोड्या थोड्या वेळाने खेळ थांबायचा. कुणाला लागलेलं नाही, कुठल्या निर्णयावर वाद नाही, आणि तरी दोन्ही संघ तोंडातून वाफा सोडत उभे. बाजूरेषेवर भडक नारिंगी बाह्या घातलेला एक माणूस हात छातीशी धरून उभा होता. शेजारी बसलेल्या बाईंनी सांगितलं, तो टीव्हीचा माणूस. त्याने हात खाली घेतले की समजायचं, घरी बसलेल्यांच्या जाहिराती संपल्या. त्या बर्फात सत्तर-ऐंशी हजार माणसं एका माणसाचे हात खाली येण्याची वाट बघत होती. तिकीट काढून आलेल्यांपेक्षा न आलेले प्रेक्षक या धंद्यात किती मोठे आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

सुरुवातीला असं नव्हतं. 1920 मध्ये ओहायो राज्यातल्या कँटन गावी, मोटारी विकणाऱ्या एका दुकानात काही संघांचे लोक जमले आणि लीग सुरू झाली. पुढची कित्येक वर्षं संघ निघत होते, बुडत होते. तेव्हा कॉलेजचा फुटबॉल प्रतिष्ठेचा आणि पैसे घेऊन खेळणं कमीपणाचं. महाविद्यालयांतून येणाऱ्या खेळाडूंची वाटणी करण्याची पद्धत, म्हणजे ड्राफ्ट, 1936 मध्ये सुरू झाली. गेल्या हंगामात जो संघ सगळ्यांत मागे राहिला, त्याने सगळ्यांत आधी खेळाडू निवडायचा. त्या पहिल्या ड्राफ्टमध्ये सर्वांत आधी निवडला गेलेला जे बर्वँगर व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. त्यात पोट भरेल असं तेव्हा वाटण्यासारखं काही नव्हतं.

धंद्याची खरी पायाभरणी झाली 1961 मध्ये, आणि ती मैदानाबाहेर झाली. पीट रोझेल हा तेहतीस वर्षांचा माणूस 1960 मध्ये लीगचा आयुक्त झाला. तोवर प्रत्येक संघ आपापले टीव्ही हक्क आपापल्या परीने विकत असे. न्यूयॉर्कच्या संघाला भरपूर मिळायचं, ग्रीन बेला चिल्लर. रोझेलने मालकांपुढे मांडलं की हक्क सगळ्यांचे मिळून एकगठ्ठा विकायचे आणि पैसे समान वाटायचे. सगळ्यांत जास्त नुकसान न्यूयॉर्क जायंट्सचं होणार होतं, कारण सगळ्यांत मोठी बाजारपेठ त्यांची. तरी जायंट्स चालवणाऱ्या मारा कुटुंबाने होकार दिला. मला विचाराल तर अमेरिकेतल्या खेळांच्या इतिहासात याहून मोठा निर्णय झालेला नाही. समोरचा संघ कंगाल झाला तर आपण खेळणार कुणाशी, आणि ते बघणार कोण, हे त्यांनी ओळखलं.

अडचण आली ती न्यायालयात. स्पर्धकांनी एकत्र येऊन माल विकणं मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही, असं फिलाडेल्फियाच्या न्यायाधीशांनी सांगितलं. मग लीगने थेट संसदेकडून कायदा करून घेतला. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी 30 सप्टेंबर 1961 रोजी त्यावर सही केली. लगेच सीबीएस वाहिनीशी करार झाला तो वर्षाला 46 लाख 50 हजार डॉलरचा. तेव्हा संघ 14, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सव्वातीन लाखांहून थोडे जास्त. आयपीएल बघणाऱ्याला ही पद्धत ओळखीची वाटेल. तिथेही प्रक्षेपणाचे हक्क मंडळ एकगठ्ठा विकतं आणि फ्रँचायझींना त्यातला वाटा मिळतो.

त्याच कायद्यात एक अट घातलेली आहे. शाळा-कॉलेजांचे सामने बुडू नयेत म्हणून सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारपासून डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत शुक्रवारी संध्याकाळनंतर आणि शनिवारी व्यावसायिक सामना टीव्हीवर दाखवला, तर कायद्याचं संरक्षण मिळत नाही. इथल्या लहान गावांत शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे शाळेच्या मैदानावरचे दिवे, बँड आणि अख्खं गाव, त्यामुळे मला ही अट फार मोलाची वाटते. लीग तिच्या कडेकडेने कशी चालते तेही बघण्यासारखं आहे. 2024 मध्ये पॅकर्स आणि ईगल्स ब्राझीलमध्ये साव पावलोला खेळले ते शुक्रवारी, 6 सप्टेंबरला. महिन्यातला तो पहिला शुक्रवार होता, म्हणून चाललं. थँक्सगिव्हिंग सणाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, अ‍ॅमेझॉनवर 2023 पासून जो सामना होतो, तो ठरवून भरदुपारी ठेवलेला असतो.

आता आकडे. बाकीचे 31 मालक हिशेब जाहीर करत नाहीत. पॅकर्सना पाच लाख भागधारकांपुढे ताळेबंद मांडावाच लागतो. त्यामुळे लीगच्या तिजोरीतून प्रत्येक संघाला किती मिळतं, ते साऱ्या जगाला दर उन्हाळ्यात ग्रीन बेमधून कळतं. मार्च 2025 ला संपलेल्या वर्षात हा वाटा होता 43 कोटी 26 लाख डॉलर. पॅकर्सचं एकूण उत्पन्न 71 कोटी 91 लाख. म्हणजे शंभरातले साठ डॉलर सामायिक गल्ल्यातून आले.

या आकड्याशेजारी दुसरा आकडा ठेवा. 1994 पासून लीगमध्ये पगारमर्यादा आहे. खेळाडूंच्या पगारावर कुठल्याही संघाने ठरलेल्या रकमेहून जास्त खर्च करायचा नाही. 2024 च्या हंगामात ही मर्यादा होती 25 कोटी 54 लाख डॉलर. म्हणजे एकही तिकीट, एकही टोपी, बिअरचा एकही ग्लास विकला जाण्याआधी सगळ्या खेळाडूंचे पगार सुटून वर पैसे उरले होते. तोटा व्हायला या धंद्यात फार कष्ट घ्यावे लागतात. आणि न्यूयॉर्कच्या मालकाकडे कितीही पैसा असला तरी मैदानावर उतरवायच्या संघावर त्याला ग्रीन बेइतकाच खर्च करता येतो. गावाचा टिकाव लागतो तो इथे.

गल्ल्यात येणारा पैसा मुख्यतः टीव्हीचा. 2021 मध्ये लीगने वाहिन्यांशी आणि अ‍ॅमेझॉनशी अकरा वर्षांचे करार केले, मिळून सुमारे 11,000 कोटी डॉलरचे. एवढे पैसे का देतात? 2023 मध्ये अमेरिकेत सर्वाधिक बघितल्या गेलेल्या 100 कार्यक्रमांपैकी 93 एनएफएलचे सामने होते. मालिका लोक सवडीने बघतात, जाहिरात आली की पुढे ढकलतात. सामना मात्र त्या क्षणीच बघावा लागतो, आणि साऱ्या देशाने एकाच वेळी बघावं असं टीव्हीवर दुसरं फारसं उरलेलं नाही. शिवाय माल मोजका आहे. बेसबॉलचा संघ हंगामात 162 सामने खेळतो, बास्केटबॉलचा 82. फुटबॉलचा संघ खेळतो 17. शरीराला त्याहून जास्त झेपतही नाही. त्यामुळे प्रत्येक सामन्याला सणाची कळा येते.

सण शब्द मी मुद्दाम वापरला. लीगने सणांना स्वतःला बांधून घेतलं आहे. डेट्रॉइट लायन्सच्या मालकाचं स्वतःचं रेडिओ केंद्र होतं. त्याने 1934 मध्ये थँक्सगिव्हिंगच्या दिवशी सामना ठेवला आणि तो देशभर रेडिओवरून ऐकवला. आज त्या दिवशी तीन सामने असतात, आणि टर्की ओव्हनमधून कधी काढायची ते सामन्याच्या वेळेवरून ठरतं. 2024 पासून नाताळचे सामने नेटफ्लिक्सवर आले. ड्राफ्टचंही तसंच. मूळचा तो हॉटेलातल्या खोलीत होणारा कारभार, नुसती नावं वाचायची. 2025 मध्ये तो आमच्या गावात झाला, तीन दिवस, आणि येऊन गेलेल्यांची मोजदाद सहा लाखांवर गेली. लाख वस्तीच्या गावात. मास्तरांनी अंगणातल्या हिरवळीवर गाड्या लावू दिल्या, पुठ्ठ्यावर दर लिहून स्वतः कोपऱ्यावर उभे राहिले. सामन्याच्या दिवशी आमच्या गल्लीतली निम्मी घरं हेच करतात. मुलांच्या शाळेची फी त्यातून निघाल्याचं सांगणारी घरं आहेत.

सगळ्यात मोठा सण अर्थात सुपर बोल. तो मुळात दोन लीगमधल्या तहातून आला. लामार हंट या टेक्सासच्या श्रीमंत तरुणाला एनएफएलमध्ये संघ मिळेना, तेव्हा त्याने 1960 मध्ये काहीजणांना घेऊन वेगळी लीग काढली. सहा वर्षं दोन्हीकडून खेळाडूंवर बोली लागून पगार वाढत गेले, शेवटी 1966 मध्ये विलीनीकरण ठरलं, आणि दोन्हीकडच्या विजेत्यांचा सामना ठेवला. पहिला सामना 15 जानेवारी 1967, लॉस एंजेलिसच्या कोलिसियममध्ये. प्रेक्षक 61,946. मोठा आकडा वाटेल, पण स्टेडियमचा तिसरा हिस्सा रिकामा होता. दोन वाहिन्यांनी तो एकाच वेळी दाखवला. उत्तरार्धाची सुरुवात झाली तेव्हा एनबीसी मैदानावर परतलेलीच नव्हती, म्हणून ती चाल पुन्हा खेळायला लावली. टीव्हीसाठी खेळ थांबतो, हे त्या पहिल्या दिवसापासून.

त्या वर्षी अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीचा दर चाळीस हजार डॉलरच्या आसपास होता. फेब्रुवारी 2025 मध्ये न्यू ऑर्लिन्सला ईगल्सनी चीफ्सना 40-22 असं हरवलं, तेव्हा तो 80 लाख डॉलरपर्यंत गेला होता. तो सामना अमेरिकेत सरासरी 12 कोटी 77 लाख लोकांनी बघितला. जाहिरात बघण्यासाठी लोक जागेवर थांबतात असा वर्षातला हा एकच दिवस.

मध्यंतराची मैफलही अशीच घडवलेली. 1992 च्या मध्यंतरात फॉक्स वाहिनीने आपला विनोदी कार्यक्रम लावला आणि प्रेक्षक लाखोंनी तिकडे गेले. पुढच्या वर्षी लीगने मायकल जॅक्सनला आणलं. तेव्हापासून तिथे मोठाच कलाकार हवा. त्या कलाकाराला लीग मानधन देत नाही, रंगमंचाचा आणि निर्मितीचा खर्च तेवढा उचलते. बारा-तेरा मिनिटांत एवढी माणसं आपल्याला बघणार, हाच मोबदला.

इथवर सगळं गोड आहे. पण सगळाच पैसा सामायिक नसतो, आणि दुखणं तिथूनच सुरू होतं. तिकिटांच्या उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा पाहुण्या संघांच्या खात्यात जातो. मात्र काचेआडच्या आलिशान कक्षांचं भाडं, स्टेडियमच्या नावाचे पैसे, पार्किंग हे मुख्यतः यजमान मालकाचं. जेरी जोन्स यांनी 1989 मध्ये डॅलस काउबॉइज सुमारे 14 कोटी डॉलरला घेतला आणि ही फट त्यांना बरोबर दिसली. लीगचे सामायिक प्रायोजक वेगळे असतानाही 1995 मध्ये त्यांनी पेप्सी आणि नायकीशी स्टेडियमच्या नावाने करार केले. लीगने 30 कोटी डॉलरचा दावा ठोकला, जोन्सनी 75 कोटींचा उलट दावा केला, आणि अखेर तडजोड झाली. करार टिकले. बाकीचे मालक त्यातून शिकले की वरचा पैसा स्टेडियमात आहे.

मग ज्याला त्याला नवं स्टेडियम हवं झालं, आणि खर्चाला पुढे केलं ते शहराला. दिलं नाही तर संघ हलवू, ही धमकी पोकळ नसते. 1984 च्या मार्चमध्ये बाल्टिमोर कोल्ट्सचं सामान एका रात्रीत ट्रकांत भरून इंडियानापोलिसला गेलं. सकाळी उठून शहराने बघितलं तर संघ नव्हता. सेंट लुइसने लोकांच्या पैशातून बंदिस्त स्टेडियम बांधून रॅम्स संघ आणला होता. 2016 मध्ये तो लॉस एंजेलिसला निघून गेला, आणि त्यानंतरही बांधकामाच्या कर्जाचे हप्ते तिथले करदाते फेडत राहिले. खटल्यानंतर 2021 मध्ये लीगने आणि रॅम्सच्या मालकाने 79 कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. लास व्हेगसने हॉटेलच्या खोल्यांवर कर लावून 75 कोटी डॉलर उभे केले. बफेलोच्या नव्या स्टेडियमसाठी राज्य आणि काउंटी मिळून 85 कोटी देत आहेत. आमचं गावही याला अपवाद नाही. लॅम्बोच्या नूतनीकरणासाठी 2000 मध्ये जनमत घेऊन अर्धा टक्का विक्रीकर बसवला; तो 2015 पर्यंत चालू होता. पण इथला संघ पळून जाणार नाही हे कर भरणाऱ्याला माहीत होतं, कारण संघ त्याचाच आहे. इतर शहरांना एवढीही खात्री नसते, आणि हा मला या धंद्यातला उघड अन्याय वाटतो.

दुसरा अन्याय खेळाडूंच्या शरीरावर होतो. 2020 च्या करारानुसार लीगच्या उत्पन्नातला निदान 48 टक्के हिस्सा खेळाडूंचा आहे, आणि तो मिळवायला त्यांना दोन मोठे संप करावे लागले, 1982 आणि 1987 मध्ये. त्याच 2020 च्या करारात सोळाच्या जागी सतरावा सामना मान्य झाला. खेळाडूंचं मतदान झालं तेव्हा बाजूने 1,019 मतं पडली आणि विरोधात 959. फक्त साठ मतांचा फरक. विरोध करणाऱ्यांना ठाऊक होतं की आणखी एक सामना म्हणजे डोक्याला बसणारे आणखी धक्के. पिट्सबर्ग स्टीलर्सच्या माइक वेबस्टरच्या मेंदूची 2002 मध्ये त्याच्या मृत्यूनंतर तपासणी झाली, आणि वारंवारच्या धक्क्यांनी मेंदू कसा झिजतो ते समोर आलं. हजारो माजी खेळाडू न्यायालयात गेले. 2015 मध्ये मंजूर झालेल्या समझोत्यातून आजवर 100 कोटी डॉलरहून जास्त भरपाई दिली गेली आहे. त्यात पगाराचे करारही बहुतेकदा पूर्ण हमीचे नसतात. पाच वर्षांचा, दहा कोटींचा म्हणून बातमी येते. दुसऱ्या वर्षी गुडघा गेला की संघ मोकळा होऊ शकतो. म्हणून खेळाडूच्या कराराची बातमी वाचताना एकूण आकडा सोडून द्यावा आणि हमीची रक्कम बघावी.

मालकाला मात्र असा गुडघा नसतो. काउबॉइजची किंमत आज फोर्ब्सच्या अंदाजाने 1,000 कोटी डॉलरच्या वर आहे. वॉशिंग्टनचा संघ 2023 मध्ये 605 कोटी डॉलरला विकला गेला.

पॅकर्सची सभा दर जुलैत लॅम्बोवरच भरते. मास्तर सकाळीच हिरवा शर्ट घालून निघतात. गेल्या वेळी नातवाला घेऊन गेले होते, त्याचा पण शेअर आहे म्हणून. त्याच अ‍ॅल्युमिनियमच्या बाकांवर, उन्हात तापलेल्या, हजारो मालक बसतात. कुणाच्या हातात सँडविच, कुणाच्या कडेवर मूल. खजिनदार उभा राहतो, घसा साफ करतो आणि लीगकडून यंदा किती आले तो आकडा वाचतो. मास्तर तो पेनाने तळहातावर लिहून घेतात आणि घरी आल्यावर कुंपणापाशी उभे राहून मला सांगतात.